अध्यक्षांच्या आदेशानुसार

ज्ञानेश्वरी औटी यांनी बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी केली, ही बातमी ज्ञानेश्वरी औटी यांना जिन्यात समजली.

सांगणारी होती तिसऱ्या मजल्यावरची ईरा. घरूनच कंपनीचं काम करणारी, एरवी ‘काकू, काकू’ करत मागं-पुढं फिरणारी मुलगी; पण त्या दिवशी तिनं पायरीवरच वाट अडवली.

“काकू, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. बाल्कनीत नाही, तर कपडे काय फ्रीजमध्ये वाळवू?”

“अगं, पण मी काय केलं?”

ईरानं खाली बोट केलं. वीजमीटरच्या पेट्यांशेजारी मैत्रेय सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सूचनाफलक होता आणि त्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मा. अध्यक्षांच्या आदेशानुसार सर्वानुमते असे ठरले आहे की, इमारतीच्या शोभेस बाधा येत असल्याने...’ पुढचं ज्ञानेश्वरीनं वाचलं नाही. आदेश आपलाच होता. तो वाचून काय करायचं?

आपण काय काय ठरवतो, हे तिला असंच इकडून तिकडून कळत असे. पार्किंगमधल्या सायकली आपण मागच्या बोळात हलवल्या, हे तिला सायकलवाल्यांच्या बायकांनी सांगितलं, तेही नीट शब्दांत नाही. इमारतीला जांभळा रंग द्यायचं आपण ठरवलंय, हे एका सकाळी खिडकीबाहेर परांचीवर उभा असलेला रंगारी बघून कळलं. जांभळाही साधासुधा नव्हे, भरताच्या वांग्याचा. नगरच्या सावेडीत रिक्षावाल्याला पत्ता सांगणं तेव्हापासून फार सोपं झालं होतं, एवढं मात्र कबूल करायला हवं.

हे निर्णय खरोखर घेणारे गृहस्थ म्हणजे संस्थेचे सचिव सुमंत गंधे. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी कागद वर पाठवण्यात गेली होती आणि वरून मंजुरी म्हणून कधी वेळेवर आली नव्हती. निवृत्त होताना त्यांनी बहुधा मनाशी शपथच घेतली असावी, की यापुढं कुणाच्या होकारासाठी थांबायचं नाही. ती शपथ पाळायला त्यांना ही इमारत मिळाली. वर्षानुवर्षं साठलेल्या मंजुऱ्या ते आता स्वतःच स्वतःला देत होते.

आणि ज्ञानेश्वरी अध्यक्ष कशी झाली? तर पाईपलाईन रोडला तिची पिठाची गिरणी आणि मसाला कांडप होतं. निवडणुकीच्या सभेला आलेली मूठभर माणसं चहाची वाट बघत बसलेली असताना कांडपाच्या यंत्रात काहीतरी अडकल्याचा फोन आला, म्हणून ती बोलायला बाहेर गेली. आत आली तर टाळ्या. गंधे हसत पुढं आले होते. “औटी वहिनी, अभिनंदन! तुम्हाला काहीसुद्धा करायचं नाही. करायला मी आहे.” ते वाक्य तिनं तेव्हा सौजन्य म्हणून ऐकलं होतं.

तिचा नवरा अमृत दूध संघात होता. बाल्कनीची बातमी तिनं त्याला सांगितली, तर तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, “सोड ना. माणूस फुकट राबतोय. टँकरवाल्याला पहाटे फोन कोण करतं? तू करतेस की मी?”

हेही खरंच होतं. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात टँकरवाल्याचा नंबर पाठ असलेल्या माणसाशी भांडायचं म्हणजे छाती लागते. म्हणून सगळी इमारत गंध्यांच्या पाठीमागं कुरकुर करायची, समोर आले की ‘काका, तुमच्यामुळं चाललंय सगळं’ म्हणायची आणि उरलेला राग जिन्यात ज्ञानेश्वरीवर काढायची. तिलाही काढू द्यायची सवय झाली होती.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण उन्हाळ्यात राहीबाई आल्या.

राहीबाई म्हणजे ज्ञानेश्वरीची सासू. राळेगणसिद्धीच्या अलीकडच्या वाडीवर त्यांचा मुक्काम. नगरला त्या वर्षातून एकदा, कुरडया घालायला येत. वाडीवर ऊन काय कमी होतं? पण लेकाच्या घरच्या कुरडया लेकाच्याच गच्चीवर वाळल्या पाहिजेत, असा त्यांचा कायदा होता आणि त्यावर कुठल्याच सभेत चर्चा होत नसे. आल्या आल्या त्यांनी गहू भिजत घातले. रोज पाणी बदललं, मग वाटले, गाळले, चीक बसू दिला. ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत मोठ्या पातेल्यात चीक रटरटायला लागला आणि राहीबाई जुनी लुगडी काखेत मारून जागा धरायला वर गेल्या.

गेल्या तशा खाली आल्या.

“आगं ज्ञाने, वरच्या दाराला ह्ये थोरलं कुलूप लावलंय कुनी तरी!”

ज्ञानेश्वरी वर जाऊन बघून आली. कुलूप खरंच थोरलं होतं. दारावर कागद होता आणि कागदावर, अर्थातच, तिचाच आदेश.

तिनं गंध्यांना फोन लावला. ते आदल्या दिवशीच खर्ड्याला पुतण्याच्या वास्तुशांतीला गेले होते. मागून मंत्रांचा आवाज येत होता आणि मधूनच गंधे कुणाला तरी ‘ते पाट तिकडं नको, इकडं’ असं सांगत होते. म्हणजे खर्ड्याचीही सुटका नव्हती.

“काका, गच्चीला कुलूप?”

“हो. परवा वर गुटख्याची पुडी सापडली. शिस्त नको का?”

“किल्ली कुठंय?”

“माझ्या खिशात.”

“मग दार उघडायचं कसं?”

“उघडायचं नाही, म्हणून तर कुलूप, वहिनी.”

“अहो, इथं चीक शिजलाय. सासूबाई सोऱ्या घेऊन बसल्यात.”

“वहिनी, ठराव झालाय. सर्वानुमते.”

“कोण कोण होतं ठरावाला?”

मंत्र चालू राहिले. “तुम्ही होतात,” गंधे म्हणाले.

“मी?”

“अध्यक्ष या नात्यानं. आता तुमचाच आदेश तुम्हीच मोडणार? लोक काय म्हणतील?” आणि पाट पुन्हा चुकीच्या जागी गेल्यामुळं त्यांनी फोन ठेवला.

ज्ञानेश्वरी स्वयंपाकघरात उभी राहिली. राहीबाई पातेल्यात उलथणं फिरवत होत्या. गुठळी होऊ नये म्हणून हात थांबवता येत नव्हता. तोंड मात्र मोकळं होतं. “चीक काय तुज्या शेक्रेटरीची वाट बघत बसंल व्हय? येकदा का गार झाला, की सोऱ्यातनं दगूड तरी उतरंल, ह्यो न्हाई उतरायचा. त्याला इचार, गव्हाला कळतुया का ठराव.”

अमृतनं सुचवलं, की यंदा बाल्कनीत घालू. मग बाल्कनीचा आदेश त्याला आठवला आणि तो आंघोळीला निघून गेला.

त्या मिनिटाला ज्ञानेश्वरीच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. इतक्या साध्या गोष्टीला एवढे दिवस लागले, याचं तिला नंतर फार हसू आलं. आदेश जर माझा आहे, तर तो मागं घेणारी कोण?

गिरणीची हत्यारं एका पिशवीत घरीच असत. तिनं स्क्रू-ड्रायव्हर काढला, पदर खोचला आणि जिना चढायला लागली. दुसऱ्या मजल्यावर वॉचमन कानिफनाथ आडवा आला.

“म्याडम, वर कुनाला सोडायचं न्हाई असं सांगितलंय.”

“कुणाचा आदेश आहे?”

“तुमचाच की.”

“मग आता माझाच आदेश आहे, बाजूला हो.”

कानिफनाथनं विचार केला. दोन्ही आदेश एकाच बाईचे होते आणि त्यातला एक समोर हत्यार घेऊन उभा होता. तो बाजूला झाला, आणि वर जाऊन दार धरून ठेवायला मदतही केली.

कुलपाला तिनं हात लावला नाही. कोयंड्याचे स्क्रू काढले. कोयंडा सुटला, दार उघडलं आणि कुलूप तसंच, बंदच्या बंद, साखळीला लोंबकळत राहिलं. नियम शाबूत, गच्ची मोकळी.

मग काय विचारता! पहिलं लुगडं अंथरलं जात नाही तोच ईरा कपड्यांची बादली घेऊन आली. तिच्या पाठोपाठ खालच्या मजल्यावरचे राधाकृष्ण कर्वे मिरच्या घेऊन आले. एकटे राहणारे सत्तरीचे गृहस्थ, कुंड्यांशी बोलतात अशी त्यांची ख्याती. ते त्या दिवशी माणसांशी बोलले. कुणी गाद्या आणल्या, कुणी शेवग्याच्या बिया. राहीबाई सोऱ्या दाबत होत्या, पोरीबाळी त्यांच्याभोवती वाटीत गरम चीक, तेल-मीठ घालून खात होत्या आणि ज्या इमारतीत लोक लिफ्टमध्ये एकमेकांच्या चपलांकडं बघत उभे राहतात, ती इमारत कुणाकडं पापड कसे लाटतात यावर भांडत होती.

ऊन चढल्यावर दारात प्रेमलाताई दिसल्या. सुमंत गंध्यांच्या पत्नी. खर्ड्याला त्या गेल्या नव्हत्या. गुडघ्याचं कारण होतं. त्यांच्या हातात सांडग्यांचं ताट होतं. पापडांचं भांडण तिथंच राहिलं.

“ठेवू का इथं?” त्यांनी विचारलं.

“ठेवा की ताई,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “पण तुमच्याकडं तर किल्ली असेल. तुम्ही का नाही...”

“किल्ली ते घेऊन गेलेत. परवापासून मी सांडगे पंख्याखाली वाळवतेय.” प्रेमलाताईंनी ताट सावकाश खाली ठेवलं, गुडघा सांभाळत स्वतःही बसल्या आणि म्हणाल्या, “आमच्या घरातसुद्धा सगळं सर्वानुमतेच ठरतं हो.”

हसावं की नाही, हे कुणाला कळेना. राहीबाईंनी चिकाची वाटी त्यांच्या हातात दिली.

दुपारपर्यंत ज्ञानेश्वरीचा भाव वाढला होता. लोक घरी येऊन हात जोडत होते. काकू, सायकली परत आत आणू द्या. आणा. काकू, कपडे बाल्कनीत? वाळवा. तोंडातून शब्द निघावा आणि काम होऊन जावं, हे सुख तिनं गिरणीतसुद्धा भोगलं नव्हतं. तिथं यंत्र ऐकत नसे. समोरच्या फ्लॅटमधला सुहास आला, की राधाकृष्ण काकांच्या कुंड्या माझ्या गाडीला आडव्या येतात. तिनं कानिफनाथला हाक मारली आणि कुंड्या मागच्या बोळात हलवायला सांगितल्या. कानिफनाथनं हलवल्या. त्याला आता आदेशांची सवय झाली होती. ते कुणाचे, हा प्रश्न त्यानं सोडून दिला होता.

थोड्या वेळानं राधाकृष्ण कर्वे आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

“वहिनी, कुंड्या हलवल्या त्या तुम्हीच सांगितल्यात?”

“हो. गाडीला अडचण होत होती.”

“त्या बोळात ऊन नाही. एकदा विचारलं असतंत तर मीच दुसरी जागा दाखवली असती.”

“अहो काका, प्रत्येकाला विचारत बसले तर एक काम व्हायचं नाही!”

ते जिना उतरून गेले. राहीबाई आत सोऱ्या घासत होत्या. त्यांनी मान वर केली. “ज्ञाने, ह्ये तुजं बोलनं न्हाई. त्या शेक्रेटरीचं हाय. तुला कवा डसला गं त्यो?”

ज्ञानेश्वरीनं घड्याळाकडं पाहिलं. सकाळी सातला सत्ता हातात आली होती आणि चार वाजायच्या आत ती गंधे झाली होती. गंध्यांना निदान त्यासाठी अख्खी नोकरी घालवावी लागली होती. ती खाली गेली आणि बोळातून एकेक कुंडी स्वतः उचलून आणायला लागली. राधाकृष्ण काकांनी खिडकीतून पाहिलं, चपला घातल्या आणि दुसरी जागा दाखवली. ती खरंच चांगली होती. सुहासची गाडीही सरळ आत गेली.

तिथूनच ती घरोघरी फिरली. “उद्या संध्याकाळी कुरडया काढायला सगळ्यांनी गच्चीवर या. बोलायचंय. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गंधे खर्ड्याहून परतले. निघालेला कोयंडा त्यांनी पाहिला, लोंबकळतं कुलूप पाहिलं, किल्लीनं ते उघडून पुन्हा लावूनही पाहिलं. संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीवर आले. समोर सगळी इमारत लुगड्यांवर वाकून कुरडया सोडवत होती. सभेला कधी एवढी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. ते त्यांच्या तोंडावर दिसलं.

“ही सभा बेकायदेशीर आहे,” त्यांनी सुरुवात केली. “सभेला आगाऊ लेखी सूचना लागते.”

“बरोबर आहे काका,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “म्हणून ही सभाच नाही. कुरडया काढायला जमलोय. तुम्हीही बसा, तुकडा पाडू नका फक्त.”

“माझ्या माघारी कुलूप तोडलंत!”

“कुलूप धड आहे. कोयंडा काढला. आणि तो मी एकटीनं काढला, कुणाला न विचारता, हे माझं चुकलं. नंतर कुंड्या हलवल्या, तेही चुकलं. ते मी आत्ता सगळ्यांसमोर सांगतेय. आता तुम्ही सांगा. रंग कुणाला विचारून दिला? सायकली? बाल्कनी? आणि त्या प्रत्येकावर माझं नाव का?”

“मी स्वतःसाठी काही केलं का?” गंध्यांचा आवाज चढला. “या संस्थेत मीटिंगला तुम्ही कुणी येत नाही. टँकर मी बघतो, गटार मी बघतो. आणि वर हे! ठीक आहे. मी राजीनामा देतो.”

राजीनामा हे त्यांचं हुकमी पान. तो दरवर्षी एकदा निघे आणि दरवर्षी सगळे ‘नाही नाही काका’ म्हणत तो परत खिशात घालायला लावत. गंधे थांबले. ‘नाही नाही’साठी जेवढी जागा सोडायची, तेवढी त्यांनी सोडली. कुणीच काही म्हणेना. पण कुणी ‘द्या’ म्हणायलाही तयार नव्हतं. सुहास कुरडईकडं इतक्या बारकाईनं बघायला लागला, की जणू ती त्याला काही सांगत होती. टँकरवाल्याला करायचा पहाटेचा फोन प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होता.

तेव्हा प्रेमलाताई बोलल्या.

“राजीनामा कशाला? त्याची गरजच नाही.” त्या सांडगे डब्यात भरत होत्या; हात चालूच होते. “फ्लॅट माझ्या नावावर आहे. बाईच्या नावावर घेतला की सरकारी शुल्क कमी लागतं, म्हणून यांनीच घेतला होता तसा. तर सभासद मी. हे माझे नुसते सहयोगी सभासद. मी लेखी संमती दिली, म्हणून हे कमिटीत बसले. ती संमती मी मागं घेते.”

“प्रेमला!” गंधे म्हणाले. “हे तू कधी ठरवलंस?”

“परवा. पंख्याखाली.”

“मला न विचारता?”

या प्रश्नावर सगळी गच्ची हसली. राहीबाईंना नीट काही कळलं नव्हतं, पण त्याही हसल्या. गंधे मात्र हसले नाहीत. ते उभेच राहिले, आणि ज्ञानेश्वरीच्या लक्षात आलं, की या माणसाला आत्ता, या क्षणी, हात कुठं ठेवायचे तेही कळत नाहीये. तिला वाईट वाटलं. फार नाही, पण वाटलं. तिनं एक रिकामं सूप त्यांच्यापुढं केलं. त्यांनी ते घेतलं आणि बऱ्याच वेळानं खाली बसून कुरडया भरायला लागले. एकही तुकडा पाडला नाही. काम ते नीटच करत, हा तर सगळा घोळ होता.

पुढं रीतसर सूचना देऊन रीतसर सभा झाली आणि प्रेमलाताई सचिव झाल्या. दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं, त्यामुळं ही निवड मात्र खरोखर सर्वानुमते झाली. आता मैत्रेय संस्थेत प्रत्येक गोष्ट सगळ्यांना विचारून होते. म्हणजे फारसं काही होत नाही. पायपुसणं नवं आणायचं, तर ग्रुपवर एवढे संदेश पडतात, की अमृतनं आवाजच बंद करून टाकला आहे. ईराला वाटतं हळूहळू जमेल. सुहासला वाटतं पूर्वी बरं होतं. पण तो हे हळू आवाजात म्हणतो.

मग पाऊस लांबलेल्या दिवसांत एका सकाळी बोअरची मोटार जळाली. प्रेमलाताईंनी नियमाप्रमाणं ग्रुपवर विचारलं, कुणाला बोलवायचं? एकानं एक नाव दिलं, दुसऱ्यानं त्याला चोर ठरवलं, तिसऱ्यानं नवीच मोटार घ्या म्हटलं. दुपार झाली, टाक्या कोरड्या पडल्या, चर्चा मात्र भरून वाहत होती.

ज्ञानेश्वरी गिरणीतून जेवायला आली तर दारात गंधे उभे. हातात फोन, चेहऱ्यावर लहान मुलाला लघवीला लागल्यासारखी घाई.

“वहिनी, माझ्याकडं एकाचा नंबर आहे. तासाभरात येतो. खात्यातला माझा जुना माणूस.” पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर यायला सोऱ्यातून गार चीक येण्याइतका वेळ लागला. “बोलावू का?”

ज्ञानेश्वरी लगेच ‘बोलवा’ म्हणणार होती. घरात प्यायला कळशीभर पाणी उरलं होतं. पण वर्षभर जिन्यात खाल्लेल्या शिव्या पोटात होत्या, आणि माणूस कितीही भला झाला तरी माणूसच असतो.

“बसा ना काका,” ती म्हणाली. “आधी चहा घ्या. मग बघू.”